सरकत्या यादीचा हिशेब

लाइव्ह सामना बघताना चित्र थिजलं, की बघणारा आधी नेटच्या नावानं खडे फोडतो. राउटर बंद करून पुन्हा लावतो, वायफाय सोडून मोबाइल डेटावर जातो, अ‍ॅप बंद करून उघडतो. बऱ्याचदा दोष नेटचाच असतो. पण काही तक्रारी निराळ्या असतात. नेट धडधाकट आहे, त्याच फोनवर दुसरा व्हिडिओ सुरळीत चालतोय, सर्व्हर प्रत्येक मागणीला बिनतक्रार उत्तर देतोय, लॉगमध्ये एररची एकही ओळ नाही. आणि तरीही गोलंदाज धावत येता येता अर्ध्यावर उभा राहिलाय. कधी याहून विचित्र घडतं: टाकून झालेला चेंडू पुन्हा पडतो, समालोचक तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणतो. अशा तक्रारींचा माग काढत गेलं, की पुष्कळदा वाट एका लहानशा मजकुराच्या फाइलपाशी येऊन थांबते. तिला प्लेलिस्ट म्हणतात. ही पुस्तिका त्या फाइलविषयी आहे, आणि ती वाचताना सॉफ्टवेअर कुठं अडखळतं, ते अडखळणं दुरुस्त कसं करायचं, याविषयी.

अ‍ॅपलनं २००९ साली आयफोनसाठी एचटीटीपी लाइव्ह स्ट्रीमिंग, म्हणजे एचएलएस, आणलं. तोवर लाइव्ह व्हिडिओ पोचवायला सहसा खास सर्व्हर आणि खास प्रोटोकॉल लागत, आणि प्रत्येक प्रेक्षकाची जोडणी कार्यक्रम संपेपर्यंत सांभाळावी लागे. एचएलएसनं हा सगळा जामानिमा बाजूला ठेवला. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, ते साध्या वेबसर्व्हरवर ठेवायचे आणि कुठला तुकडा कुठल्यानंतर लावायचा याची यादी सोबत द्यायची. यादीचा साचाही नवा नव्हता. एमपीथ्री गाणी वाजवणारे प्लेअर वापरत असलेली एमथ्रीयू फाइलच यूटीएफ-८ अक्षरांत आणून कामाला लावली. पुढं २०१२ मध्ये याच पद्धतीचं एमपेग-डॅश हे आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्याची यादी एक्सएमएलमध्ये असते. एचएलएसचा तपशील रॉजर पँटोस आणि विल्यम मे यांच्या नावानं ऑगस्ट २०१७ मध्ये ‘आरएफसी ८२१६’ म्हणून प्रसिद्ध झाला. इथली चर्चा मुख्यतः त्याला धरून आहे.

या साधेपणाचा फायदा केवढा झाला, हे भारतीय वाचकाला वेगळं सांगायला नको. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका वेळी बघणाऱ्यांचा आकडा ५.९ कोटींवर गेल्याचं कंपनीनं जाहीर केलं होतं. इतक्यांना एकेक स्वतंत्र जोडणी पुरवणं कोणालाच झेपलं नसतं. फाइलींचे तुकडे मात्र गावोगावच्या कॅश सर्व्हरमधून वाटता येतात. मुंबई-पुण्यात बसून असल्या यंत्रणा चालवणारे, त्यांचे प्लेअर लिहिणारे कितीतरी इंजिनिअर मराठी बोलतात. पण या विषयावर बोलायची वेळ आली, की त्यांच्या हाताशी मराठीत सलग असं काही नसतं. पुस्तिकेमागचं एक कारण ते आहे. दुसरं कारण असं, की या विषयातल्या चुकांना एक ठरलेलं वळण आहे, आणि ते एकदा ओळखता आलं की निम्मं काम हलकं होतं.

ते वळण समजायचं तर लाइव्ह यादी कशी चालते ते आधी बघू. साठवलेल्या सिनेमाची यादी एकदाच लिहिली जाते. तिच्या शेवटी ‘एंडलिस्ट’ अशी खूण असते. प्लेअर ती एकदा वाचतो आणि मोकळा होतो. लाइव्ह यादीत ती खूण नसते. लोकलच्या स्टेशनवरच्या इंडिकेटरवर गेलेली गाडी वरून पुसली जाते आणि खाली नवी येते, तशी ही यादी सरकत राहते. समजा, सहा सेकंदांचे सहा तुकडे यादीत आहेत, क्रमांक ४८१२ ते ४८१७. सहा सेकंदांनी तीच यादी पुन्हा मागवली, तर ४८१२ गेलेला असतो आणि ४८१८ आलेला असतो. पण प्रत्येक तुकड्यासमोर त्याचा क्रमांक लिहिलेला नसतो. यादीच्या डोक्यावर ‘मीडिया सीक्वेन्स’ या खुणेपुढं फक्त पहिल्या तुकड्याचा क्रमांक असतो. बाकीचे प्लेअरनं मोजून घ्यायचे. यादीतून एक तुकडा गेला की हा आकडा एकानं वाढलाच पाहिजे, आणि तो कधीही कमी होता कामा नये, असा नियम आहे.

म्हणजे प्लेअरला यादी वाचता येऊन भागत नाही. मागच्या खेपेला काय वाचलं होतं तेही लक्षात ठेवावं लागतं आणि दोन्हींची सांगड घालावी लागते. या पुस्तिकेचं सगळं म्हणणं यातच आहे. लाइव्ह प्लेलिस्टचे अवघड बग एका यादीत सापडत नाहीत, ते दोन याद्यांच्या मध्ये असतात. यादीची एक प्रत उघडून कितीही निरखली तरी ती निर्दोष दिसेल. मागची आणि पुढची प्रत शेजारी ठेवल्यावरच काय बिनसलंय ते कळतं.

एक अगदी साधा बग जवळून बघू. प्लेअर लिहिणाऱ्यानं क्रमांकाऐवजी यादीतली जागा लक्षात ठेवली: ‘तिसरा तुकडा लावून झाला, आता चौथा.’ पहिल्या प्रतीत तिसरा होता ४८१४. यादी एका घरानं सरकली आणि नव्या प्रतीत चौथ्या जागी आला ४८१६. मधला ४८१५ न लागताच गेला, सहा सेकंद गायब. पण प्लेअरनं यादी मागवली तेव्हा ती सरकलेली नसेल, तर चौथ्या जागी बरोबर ४८१५च सापडतो आणि सगळं ठीक चालतं. त्यामुळं हा बग कधी दिसतो, कधी दिसत नाही. टेस्टिंगला साठवलेली फाइल लावली तर तो कधीच दिसणार नाही, कारण ती यादी सरकतच नाही. लाइव्हचं सॉफ्टवेअर सिनेमाच्या फाइलवर तपासून पास करणं ही या क्षेत्रातली फार जुनी खोड आहे.

आता याच्या उलट बाजूचा बग. एखाद्या गावात कबड्डीचे सामने किंवा गणपतीची आरती लाइव्ह दाखवणारा केबलवाला एका मशीनवर एन्जिनएक्स-आरटीएमपी हे स्ट्रीमिंगचं मॉड्यूल बसवतो. वीज जाते, जनरेटर लागेपर्यंत मशीन बंद पडून पुन्हा सुरू होतं. या मॉड्यूलमध्ये क्रमांक मागच्यावरून पुढं चालू ठेवण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. मुद्दाम चालू करावी लागते. तशी केली नसेल तर नवी यादी शून्यापासून सुरू होते. बघणाऱ्याच्या प्लेअरनं ४८१७ पर्यंत लावलेलं आहे. तो इमानदारीनं ४८१८ ची वाट बघत बसतो. सहा सेकंदांना एक या चालीनं ४८१८ यायला आठ तास लागतील. तोवर यादी वेळेवर येतेय, सर्व्हर ‘२००’ सांगतोय, कुठंच काही फाटलेलं नाही, पडद्यावर मात्र आरतीचं तबक अधांतरी.

यावर पटकन सुचणारा उपाय असा: आकडा मागं गेला, की समजायचं एन्कोडर, म्हणजे व्हिडिओचे तुकडे तयार करणारा भाग, नव्यानं सुरू झाला, सगळं विसरायचं आणि यादी पहिल्यापासून धरायची. हा उपाय लागू केला की आठवडाभरात दुसरी तक्रार येते: चित्र मध्येच काही सेकंद मागं उडी मारतं. कारण आकडा मागं जायला आणखी एक वाट आहे. प्रेक्षकाला यादी मूळ सर्व्हरवरून मिळत नाही, मधल्या कॅशमधून मिळते. एका मागणीला एका कॅशनं ताजी प्रत दिली, पुढच्या मागणीला दुसऱ्यानं शिळी दिली, तर ४८१३ नंतर ४८१२ दिसणारच. इथं विसरायचं काही नाही. ती प्रत बाजूला टाकायची आणि थोड्या वेळानं पुन्हा मागवायची. दोन्ही वेळा लक्षण एकच, पण करायचं ते नेमकं उलट.

मग ओळखायचं कसं? पुन्हा तेच: दोन प्रती शेजारी ठेवा. शिळ्या प्रतीतले तुकडे तुम्ही आधी पाहिलेले असतात, त्यांचे पत्ते जुळतात, आकडा एखाद-दुसऱ्या घरानंच मागं असतो. नव्यानं सुरू झालेल्या यादीत सहसा एकही पत्ता जुळत नाही आणि आकडा पार तळाला गेलेला असतो. सहसा म्हटलं, कारण काही एन्कोडर पुन्हा सुरू झाल्यावर तुकड्यांना पूर्वीचीच नावं देतात. तेव्हा पत्त्यांच्या जोडीला वेळेची मर्यादा लागते: इतका वेळ नवा तुकडा मिळाला नाही तर हट्ट सोडायचा आणि यादीच्या शेवटाजवळून नव्यानं सुरुवात करायची. हा निर्णय कोडमध्ये तीन-चार ओळींचा असतो. त्या ओळींमागचं कारण शेजारी लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या वर्षी कोणीतरी ‘सफाई’ म्हणून त्या उडवतो आणि जुनी तक्रार परत दारात उभी राहते.

‘एंडलिस्ट’चीही अशीच एक गंमत आहे. एफएफएमपेग हा व्हिडिओचा प्रोग्रॅम लाइव्ह यादी बनवत असताना नीट बंद केला, तर तो जाता जाता शेवटाची खूण लिहून जातो. त्याच्या दृष्टीनं ते रास्तच. पण सेटिंग बदलण्यासाठी त्याला दोन मिनिटं बंद करून पुन्हा चालू केलं आणि तेवढ्यात एखाद्या प्लेअरनं ती खूण वाचली, तर तो कार्यक्रम संपला असं समजतो आणि पुन्हा यादी मागवतच नाही. उशिरा आलेले प्रेक्षक आरामात बघत असतात, आधीपासून बसलेले बाहेर पडलेले असतात. ही खूण न लिहिण्याचा आणि जुन्याच यादीपुढं भर घालण्याचा पर्याय एफएफएमपेगमध्ये आहे. तो माहीत असायला हवा, एवढंच.

इथवर एकाच यादीबद्दल बोलत होतो. पण ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ म्हटलं की याद्यांची यादी येते. वर एक मुख्य प्लेलिस्ट असते, तिच्यात ३६०पी, ४८०पी, ७२०पी अशा प्रत्येक दर्जाच्या यादीचा पत्ता आणि त्याला लागणारी बँडविड्थ दिलेली असते. नेटचा जोर बघून प्लेअर वरखाली करतो. ७२०पीच्या यादीत ४८१५ लावून झाला, नेट खालावलं, आता ४८०पीच्या यादीतला ४८१६ लावायचा, हे इतकं उघड वाटतं, की कोणी शंकाच घेत नाही. पण दोन याद्यांतल्या सारख्या क्रमांकाच्या तुकड्यांत एकच मजकूर असेल असं प्लेअरनं गृहीत धरू नये, असं आरएफसीमध्ये स्वच्छ लिहिलंय. दोन दर्जांचे एन्कोडर बारा सेकंदांच्या अंतरानं सुरू झाले असतील, तर क्रमांकांमध्ये दोनाचा फरक कायमचा राहतो. क्रमांकावर विसंबलेला प्लेअर दर्जा बदलताना बारा सेकंद मागं जातो किंवा पुढं. समालोचकाचं वाक्य दोनदा ऐकू येतं ते असं. त्यावर खरा आधार वेळेचा: तुकड्यांमधले टाइमस्टँप, किंवा यादीत ‘प्रोग्रॅम-डेट-टाइम’ दिलेला असेल तर तो. शिवाय, ४८०पीची यादी प्लेअरनं शेवटची कधी वाचली होती? दहा मिनिटांपूर्वी वाचलेली असेल तर तिच्यातले तुकडे सर्व्हरवरून केव्हाच पुसले गेलेत. दर्जा बदलण्याआधी ती यादी ताजी करून घ्यावी लागते. हे विसरलेलं सॉफ्टवेअर नेमकं नेट खालावल्यावरच कोलमडतं, म्हणजे ज्या प्रसंगासाठी ही सगळी सोय केली त्याच प्रसंगी.

टाइमस्टँपवर विसंबायचं तर त्यांचाही स्वभाव ठाऊक हवा. एमपेग-टीएस तुकड्यांत वेळ ३३ बिटांत आणि सेकंदाला ९०,००० च्या गतीनं मोजलेली असते. हा आकडा साधारण साडेसव्वीस तासांनी भरतो आणि शून्यावर येतो. तीन तासांच्या सामन्यात हे कोणाच्या गावीही नसतं. चोवीस तास चालणाऱ्या बातम्यांच्या चॅनलवर मात्र ते रोज ठरलेल्या वेळेहून थोडं पुढं सरकत घडतं, आणि ‘रोज वेगळ्याच वेळी चित्र अडतं’ अशी तक्रार येते. दोन तक्रारींमधलं अंतर मोजून बघितलं तर गुन्हेगार लगेच सापडतो.

जाहिराती हे आणखी एक प्रकरण. मूळ कार्यक्रम एका एन्कोडरचा, जाहिरात दुसऱ्याची. दोन्हींच्या सांध्यावर ‘डिस्कंटिन्युइटी’ची खूण टाकतात. ती खूण सरकत सरकत यादीबाहेर गेली, की किती सांधे मागं गेले याचा वेगळा आकडा एकानं वाढवायचा असतो. सर्व्हर लिहिणारे मीडिया सीक्वेन्स सांभाळतात आणि हा दुसरा आकडा विसरतात. मग चित्राची आणि आवाजाची यादी वेगळी असेल, तर पहिल्या जाहिरातीपर्यंत सगळं जुळलेलं असतं आणि नंतर ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच. एन्क्रिप्शनमध्ये याहून बारीक जागा आहे. एईएस-१२८ वापरताना सुरुवातीचा व्हेक्टर दिला नसेल, तर तुकड्याचा क्रमांकच त्या जागी वापरायचा असतो. प्लेअरची मोजणी एकानं चुकली, तर तुकडा पूर्ण बिघडत नाही. फक्त पहिले १६ बाइट बिघडतात, बाकीचा बरोबर उलगडतो. काही प्लेअर तेवढं पचवून पुढं जातात, काही तिथंच अडतात. एकाच स्ट्रीमबद्दल एका फोनवर तक्रार आणि दुसऱ्यावर नाही असं असेल, तर या १६ बाइटांकडं एकदा बघावं.

वाचण्यातले, म्हणजे पार्सिंगचे, बगही आहेतच. पण ते एकदा दुरुस्त केले की परत येत नाहीत, म्हणून त्यांना इथं थोडीच जागा दिली आहे. सर्वांत नेहमीचा स्वल्पविरामाचा. मुख्य यादीत गुणधर्म स्वल्पविरामांनी तोडलेले असतात, आणि कोडेकच्या अवतरणचिन्हांच्या आत चित्र आणि आवाज यांची नावंही स्वल्पविरामानंच. ओळ सरसकट स्वल्पविरामावर तोडली की आवाजाचा कोडेक हरवतो. दुसरा पत्त्यांचा: तुकड्याचा पत्ता अर्धवट दिलेला असेल तर तो यादीच्या पत्त्याला जोडून घ्यायचा; पण यादी मागवताना सर्व्हरनं दुसरीकडं पाठवलं असेल तर जुन्या पत्त्याला जोडलेले सगळे दुवे चुकतात. तिसरा अपूर्णांकांचा. तुकड्याची लांबी ५.७६ सेकंद आणि प्लेअर ती ६ धरत असेल, तर तासाभरात ६२५ तुकड्यांमागं अडीच मिनिटांची तफावत साठते. लाइव्हच्या किती मागं आहोत हे दाखवणारा पट्टा मग भलतंच सांगू लागतो.

यादी किती वेळा मागवायची, हा प्रश्न मात्र एका फोनपुरता राहत नाही. नियम असा, की यादी बदललेली असेल तर पुढच्या मागणीआधी निदान एका तुकड्याच्या घोषित कमाल लांबीइतकं थांबायचं. बदललेली नसेल तर त्याच्या निम्मं. ‘बदल नाही, लगेच पुन्हा विचार’ असं लिहिलेलं कोड स्वतःच्या टेबलावर उत्तम चालतं. हिशेबापुरते ५.९ कोटी प्रेक्षक आणि सहा सेकंदांची चाल धरली, तर नुसत्या यादीच्याच मागण्या सेकंदाला ९८ लाखांच्या आसपास जातात. एन्कोडर थोडा अडला आणि सगळे प्लेअर अधीर झाले, तर ज्या सर्व्हरनं सावरायचं त्याच्यावरच सगळे तुटून पडतात. उशीर कमी करण्यासाठी अ‍ॅपलनं २०१९ मध्ये लो-लेटन्सी एचएलएस जाहीर केलं. त्यात तुकड्यांचेही तुकडे असतात, आणि पुढचा भाग तयार होईपर्यंत सर्व्हर मागणी धरून ठेवू शकतो. वाट बघण्याची जबाबदारी अशी सर्व्हरकडं गेली, पण मागच्या-पुढच्या प्रतींची सांगड घालण्याचं काम उलट वाढलं, कारण यादी आता सेकंदाच्या आतच बदलू लागली.

पुस्तिकेची रचना याच क्रमानं केली आहे: आधी एक यादी, मग तिच्या लागोपाठच्या प्रती, मग अनेक दर्जांच्या याद्या, आणि शेवटी कॅश व वेळ. वाचकाला थोडंफार प्रोग्रॅमिंग येतं आणि एचटीटीपी म्हणजे काय ते माहीत आहे, एवढंच गृहीत धरलं आहे. व्हिडिओ कसा दाबून लहान केला जातो, रंग कसे साठवतात, हे विषय टाळले आहेत. त्यांच्यासाठी वेगळी पुस्तकं लागतील.

एका वादाबद्दल मात्र माझं मत आधीच सांगून ठेवतो. चूक सर्व्हरची असेल तर प्लेअरनं ती का सोसावी, असं प्लेअरवाले म्हणतात, आणि नियमानं बघितलं तर त्यांचं चुकत नाही. पण प्रेक्षकाच्या हातात प्लेअरच असतो. शेजारच्या अ‍ॅपवर तोच स्ट्रीम चालत असेल, तर आरएफसीचं कलम दाखवून त्याचं समाधान होणार नाही. म्हणून मी सोसण्याच्या बाजूचा आहे, पण मुकाट्यानं सोसण्याच्या नव्हे. आकडा मागं गेला, सांध्याची मोजणी जुळली नाही, तुकडा घोषित लांबीपेक्षा मोठा निघाला, तर सावरून घ्या आणि लॉगमध्ये दोन्ही प्रतींसकट नोंद करा. नोंद न करता सावरलेली चूक सर्व्हरवाल्यांपर्यंत कधीच पोचत नाही, आणि मग प्रत्येक प्लेअरमध्ये तीच ठिगळं लावावी लागतात.

पहिल्या प्रकरणाकडं वळण्याआधी एवढं करा. तुमच्या हाताखालचा कुठलाही लाइव्ह स्ट्रीम घ्या आणि एक छोटी स्क्रिप्ट लिहून त्याची यादी दर तीन सेकंदांनी, वेळेच्या शिक्क्यासह, वेगळ्या फाइलमध्ये साठवत जा. तासभर चालू द्या. मध्येच एन्कोडर एकदा बंद करून चालू करा, एकदा नेट तोडा. मग लागोपाठच्या दोन-दोन फाइलींमध्ये काय बदललं तेवढंच काढून वाचा. पुढं सांगितलेल्या बगांपैकी निदान एक-दोन तुम्हाला तिथंच भेटतील, आणि साठवलेल्या त्याच फाइली दुरुस्ती तपासण्यासाठी तुमची पहिली टेस्ट म्हणूनही उपयोगी पडतील.